निजलेल्या घोरपडीची पंचमी

भावजी,

उद्या तुमचा दहावा. नदीवर न्यायचं सामान पाटीत भरून ठेवलंय आणि मी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून हे लिहितेय. आत जाऊन बसायची हिंमत नाही. आत तुमची ती आहे.

हो, आहे अजून. रांजणात, मातीखाली, शेपटी पोटाशी घेऊन निजलीय. तुम्ही गेलात हे तिला ठाऊक नाही. थंडी सरल्याशिवाय तिला कशाचीच शुद्ध नसते, असं तुम्हीच सांगत होता. पण घरातल्या माणसांना शुद्ध आहे ना. काल तुमच्या शांतानं सगळ्यांसमोर सांगितलं, "आक्का, तेराव्याच्या आत ती घोरपड घरातनं भाईर काडायची. ती जिती आनि हे न्हाईत, हे मला बघवत न्हाई." तुमचे दादा खाली मान घालून बसले होते. म्हणाले, "काडू." काढू म्हणजे काय, भावजी? या पौषाच्या गारठ्यात उकरून डोंगराला नेऊन टाकायची म्हणजे मारायचीच की. गारठलेल्या जनावराला पळता येत नाही, लपता येत नाही, कोल्हं येऊन खाऊन जाईल. हे दादांना कळतं. तुमच्या बायकोलाही कळतं. आणि मला बोलायचं होतं, तर मी ताटं उचलून आत गेले. तुम्ही मला भित्री भागूबाई म्हणायचा. काही खोटं नव्हतं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, म्हणजे वर बसून हसायला नको. मला ती कधीच आवडली नाही. मी पाल दिसली तरी पिठाची परात टाकून पळणारी बाई. लढाईच्या वर्षी दिवाळीला तुम्ही रजेवर आलात आणि दुसऱ्याच दिवशी धोतराच्या पानात गुंडाळून काय आणलंत, तर हातभर लांबीची घोरपड! ऊसतोडीवाल्यांनी फडात धरलेली, मागचा पाय कोयत्यानं कापलेला. कातडं दिमडी मढवायला आणि मटण हंडीला, असा त्यांचा बेत ठरला होता. तुम्ही ट्रंकेतली लष्करी रमची बाटली काढलीत आणि त्यांच्या हातात ठेवलीत. दादा तिकडं डोळे लावून बसले होते हो. त्यांना वाटलं होतं, धाकट्या भावानं आपल्यासाठी आणलीय. बाटली गेली, घोरपड आली, आणि दादांनी ते तुम्हाला शेवटपर्यंत माफ केलं नाही.

मी म्हणाले, "भावजी, घोरपड घरात शिरली की घर ओस पडतं म्हणत्यात."

तुम्ही म्हणालात, "शिरली कुठं, वैनी? मी आनलीया. पावनी हाय ती. पावनीला कोन आसं बोलतं व्हय?"

पाहुणीच्या पायाला हळद भरलीत. माझ्या कोंबड्यांची अंडी तिला घातलीत आणि मला सांगितलंत की मुंगूस येतंय बहुतेक. मग थंडी पडायला लागली आणि ती खाईनाशी झाली. अंडं पुढं ठेवलं तरी बघायची नाही. मला वाटलं, संपलं. तुम्ही मात्र खुशीत. शिराळ्याच्या नागपंचमीत वाढलेला माणूस तुम्ही, नाग काय, घोरपडी काय, लहानपणापासून हाताळलेल्या. कानाला चीर गेलेला तो मोठा रांजण गोठ्याच्या कोपऱ्यात आडवा करून अर्धा पुरलात, आत माती घातलीत, आणि तिला पाळण्यात घालावं तशी आत सोडलीत. ती आपली आपण मातीत शिरली. मला म्हणालात, "आता फाल्गुनापत्तूर ही निजनार. हिला शेकायचं न्हाई, पानी घालायचं न्हाई, उकरून बघायचं न्हाई."

"आणि मेली तर कसं कळायचं?"

"वास यील. वास न्हाई म्हंजे निजलीय."

एवढंच शिक्षण. आणि तेवढ्यात तार आली.

लढाईची हवा होती, रजा रद्द झाल्या. तुम्हाला सोडायला आम्ही फाट्यावर आलो. एसटीत जागा नव्हती, तुम्ही दारात उभे. गाडी सुरू झाली, ड्रायव्हरनं घरघर लावली, आणि तुम्ही वाकून ओरडलात. मला जे ऐकू आलं ते असं: "वैनी, पंचमी पाळा तिची! थंडी... तवा... उतरवा!" धुरळा उडाला आणि तुम्ही गेलात. मी दादांना विचारलं, काय म्हणाले हो? ते म्हणाले, मला काय ठाऊक, तुझा लाडका दीर.

पण मला कळलं होतं. त्यात न कळण्यासारखं काय होतं? पंचमीला बाईमाणूस काय करतं? खणत नाही, चिरत नाही, तळत नाही आणि चुलीवर तवा ठेवत नाही. नागाला भाजू नये, कापू नये म्हणून. घरात जमिनीखाली जनावर निजलंय, त्याचा धनी लढाईवर गेलाय, आणि जाताजाता सांगतोय की पंचमी पाळा, तवा उतरवा. मी घरी आले आणि तवा उतरवून मांडणीच्या मागं ठेवला.

तिकडं लढाई पेटली, इकडं आमच्या घरात भाकरी बंद. कण्या, घुगऱ्या, उकडलेले मुटके. विळी उलटी करून ठेवलेली. कांदा बुक्कीनं फोडायचा, वांगी अख्खी शिजवायची. दादांनी चार दिवस सोसलं. मग ताट सरकवून म्हणाले, "लढाईवर मी गेलोय का त्यो? मला का उपाशी मारतीस?" शेजारणी विचारायच्या, तुमच्याकडं कोण आजारी आहे का? मी काय सांगू? मला मनातून पक्कं वाटत होतं की मी तवा चढवला आणि ती मेली, तर तुम्हीही... पुढचा विचार करायची सुद्धा मला भीती वाटायची. वाण्याच्या दुकानात रेडिओ लागला की मी तिथून पुढं निघून जायची. बातम्या ऐकायला अख्खी वाडी जमायची आणि मी आपली रोज सकाळी रांजणाच्या तोंडाशी वाकून वास घ्यायची. मातीचा वास आला की चुलीकडं वळायची.

आणि एका दुपारी वास आला.

गोठ्यात पाऊल टाकलं आणि नाकात शिरला. कुजल्याचा. मी तिथंच शेणात बसले. ओरडले असेन, कारण दादा धावत आले. त्यांनी नाक दाबलं, रांजणाकडं बघितलं आणि कुदळ घ्यायला वळले. मी त्यांचा पाय धरला. या घरात आल्यापासून मी नवऱ्याचा पाय असा कधी धरला नव्हता. "उकरू नका. भावजींनी सांगितलंय उकरू नका." ते म्हणाले, "आगं, मेलीय ती. वास येतोय न्हवं?" मी म्हणाले, "उकरलं तर तिकडं जे होईल ते माझ्या हातानं होईल." दादांना तेव्हा उमगलं असावं मी कशाला घाबरलेय ते. कुदळ टाकून त्यांनी कडब्याची पेंढी न् पेंढी खाली ओढली. शेवटच्या थरात मेलेली घूस निघाली. तिला शेपटीला धरून ते उकिरड्यावर गेले, आणि मी रांजणाशी बसून हमसून हमसून रडले. लढाई थांबल्याचं कळलं त्या दिवशी सुद्धा मी तेवढी रडले नाही.

ती होळीच्या आधी उठली. तुम्ही रंगपंचमीच्या सुमारास आलात, वाळलेले, दाढी वाढलेले. मी मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं. घूस, कण्या, मांडणीमागचा तवा. तुम्ही ऐकत होता, आणि मग असे हसायला लागलात की ठसका लागून पाणी द्यावं लागलं.

"आवं वैनी! 'थंडी वाडंल तवा माळ्यावरचं पाचट उतरवा' म्हनलो हुतो मी! रांजनावर घालायला! तवा म्हंजे त्या येळंला वो, चुलीवरचा न्हवं!"

दादा तर भिंतीला टेकून बसले. म्हणाले, "ह्या एका शब्दापायी मी हिवाळाभर घुगऱ्या खाल्ल्या."

मला राग आला. मी म्हणाले, "हसा. पण आलासा ना जिते?" मग तुमचं हसू गेलं. तांब्या खाली ठेवून तुम्ही हळूच म्हणालात, "वैनी, माझ्या शेजारचा गडी गेला. त्याच्या घरी बी कुनीतरी कायतरी पाळलंच आसंल की."

तरी मी हट्ट सोडला नाही आणि तुम्हीही सोडला नाहीत. दर हिवाळ्याला आपलं तेच भांडण. तुम्ही फौज सोडून इस्लामपूरला साखर कारखान्यात लागलात, शांता घरात आली, पोरं झाली, आणि ती लंगडी घोरपड उन्हाळाभर विहिरीच्या कडेनं हिंडून दिवाळी झाली की आपल्या पायानं रांजणात शिरायची. मग तुम्ही मला विचारायचा, "काय वैनी, तवा हाय का चुलीवर?" मी म्हणायची, "तुमी घरात हाईसा तवर हाय." दोघंही हसायचो. मी हसत होते, पण मनातून मोजदाद चालू असायची, आज वास घेतला का, काल घेतला होता का.

तुम्ही माझ्या भित्रेपणाला चिडवलंत, पण चार माणसांत त्याचं हसं कधी केलं नाहीत, हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. एकदा मी म्हणाले होते, देवानं मला वाघाचं नाही, निदान शेळीचं तरी काळीज द्यायचं, सशाचं दिलंय. तुम्ही म्हणालात, "वैनी, न भ्यानारा गडी पयला जातो. आमी भेकडाच्या शेजारी खंदक खनायचो." ते खरं होतं का माझी समजूत काढायला बोललात, देव जाणे. मला मात्र त्या दिवसापासून माझ्या भीतीची लाज वाटेनाशी झाली. एवढं कुणी कुणाला देत नाही हो.

आणि आता हे दुखणं. साधा ताप म्हणून अंथरूण धरलंत आणि दुसऱ्या दिवशी उठून बसवेना. मी स्वयंपाकघरात गेले आणि मुकाट्यानं तवा उतरवला. पडवीतून तुम्ही ऐकत होता. कसं कळलं तुम्हाला? भाकरी थापल्याचा आवाज आला नाही म्हणून? "वैनी, पोरं उपाशी हाईत. भाकरी थापा. आवाज यीऊ द्या." मी तुमचं ऐकलं, भावजी. तवा चढवला. मोठमोठ्यानं भाकऱ्या थापल्या, तुम्हाला ऐकू जाव्यात म्हणून. सांगलीच्या दवाखान्यात न्यायला गाडी आली तेव्हा माझे हात पिठाचे होते. तिथून तुमची कुडीच परत आणली.

तुमचं ऐकायला नको होतं का? हे मला कुणाला विचारता येत नाही. विचारलं तर म्हणतील, बाईला वेड लागलंय. तुम्ही म्हणाला असता, शेजारच्या गड्याच्या घरीही कुणीतरी पाळलंच असेल. पण तुम्ही नाही ना.

शांता हाका मारतेय. उठते.

*

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. काल दहावा झाला.

मोरणा नदीच्या काठी पिंड ठेवला. शेजारच्या बाभळीवर कावळा बसला होता. सगळी बाजूला झाली. कावळा बघत होता, येईना. दादा हात जोडून म्हणाले, "पोरास्नी शिकवतो, माझ्या पोरात आनि त्यांच्यात दुजाभाव करनार न्हाई." कावळा हलला नाही. शांता पदर तोंडात कोंबून म्हणाली, "मी म्हायेरला जात न्हाई. हितंच ऱ्हाते." नाही. पाहुणेरावळे एकेक पुढं होऊन बोलले, वाटणीचं बोलले, विहिरीचं बोलले. ऊन डोक्यावर आलं. सगळी हळूहळू एकमेकांकडं बघायला लागली आणि मला माहीत होतं काय बोलायचं राहिलंय. आणि शांता माझ्या हाताला हात लावून उभी होती.

कशी पुढं गेले, ठाऊक नाही. म्हणाले, "भावजी, ती निजलीय. तिला फाल्गुनापर्यंत कुणी उकरणार नाही. मी शब्द देते."

सगळ्यांच्या माना वर झाल्या. मीही बघत होते. मनात म्हणत होते, ये रे बाबा, आता ये. कावळ्यानं पंख झाडले, बाभळीवरून उठला आणि नदीच्या पलीकडं निघून गेला. परत आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तोच पिंडाला लावला.

घरी पाय धुऊन होताहेत तोवर शांता म्हणाली, "आक्का, कावळा शिवला न्हाई. म्हंजी ह्यांची ती विच्छा न्हवतीच. तुमचा शबुद फुकट गेला."

मी म्हणाले, "फुकट गेला असेल. पण दिलाय तर खरा."

"कुनाला दिलाय? हायत का ते घ्याला?"

आणि ती भिंतीला लावलेली कुदळ उचलून गोठ्यात गेली. मी मागं धावले. हाक मारावी तर दादा अजून वाटेवर पाहुण्यांत अडकलेले. तिनं पाचट पायानं उडवलं आणि रांजणाच्या तोंडाशी पहिला घाव घातला. माती फुटली. दुसऱ्या घावाला कुदळ वर गेली ती मी दांड्याला लोंबकळून धरली. मला वाटलं, ही आता मला मारते. तिचे डोळे तसे होते. मी म्हणाले, "शांता, मला भ्या वाटतंय गं." खरं होतं ते.

तिनं कुदळ सोडली. गुडघ्यांवर बसली आणि फुटलेल्या मातीत हात घातला. मला जे इतक्या वर्षांत जमलं नाही, ते तिनं केलं. कोपरापर्यंत हात आत गेला आणि थांबला. तिचा हात घोरपडीच्या पाठीवर होता हे मला तिच्या तोंडावरून कळलं.

"गार हाय," ती म्हणाली. "हालत न्हाई."

"निजलीय ती. तशीच असते."

शांतानं माझ्याकडं बघितलं. आवाज अगदी बारीक, पोरीसारखा. "हे बी आसंच गार हुतं, आक्का. हालत न्हवतं. हिच्यासाठी फाल्गुनापत्तूर थांबतायसा. मग ह्यांच्यासाठी कुनी का थांबलं न्हाई? सांजंच्या आत नेलं आनि जाळलं."

भावजी, मी तिच्याजवळ बसले. तिनं हात बाहेर काढला, मातीनं बरबटलेला, आणि उकरलेली माती मुठीमुठीनं परत आत सारली. थोपटली. वर पाचट घातलं. मग म्हणाली, "उटंल तवा मला सांगा. म्या आदी बघनार."

मी हो म्हणून बसले. इतके हिवाळे मला एकच भीती होती, ही उठली नाही तर? आता झोप लागत नाही ती दुसऱ्याच भीतीनं. फाल्गुनात ऊन चढेल, माती हलेल, ती तोंड बाहेर काढेल आणि जीभ लपलपवेल. शांता माझ्या शेजारी उभी असेल. घोरपडीकडं ती क्षणभर बघेल, आणि मग वळून घराच्या दाराकडं बघेल, तुम्ही येताय का ते.